हाताची दुसरी शाळा

चिंगलपुटच्या कुष्ठवसाहतीत एक तरुण जमिनीवर मांडी घालून बसला होता. पायातल्या चपलेचा पट्टा त्याला सोडवायचा होता. तो पट्टा अंगठा आणि तळवा यांच्या बेचक्यात धरायचा, पट्टा निसटायचा. पुन्हा धरायचा, पुन्हा निसटायचा. साल होते १९४७. मद्रासपासून फार लांब नसलेल्या या वसाहतीचे प्रमुख डॉ. रॉबर्ट कॉक्रेन आपल्या पाहुण्याला रुग्णांच्या अंगावरचे चट्टे दाखवत होते. पाहुणा होता वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नुकताच आलेला अस्थिशल्यचिकित्सक, पॉल ब्रँड. त्यांचे लक्ष चट्ट्यांवर ठरेना. ते हात पाहत होते. जिकडे पाहावे तिकडे पक्ष्याच्या नखरासारखी आत वळलेली, आखडलेली बोटे.

ब्रँड यांनी आपला हात त्या तरुणाच्या हातात दिला आणि म्हटले, दाब. त्यांना वाटले होते, असल्या हातात काय जोर असणार? तरुणाने दाबले आणि डॉक्टरांना कळ आली. बोटे वाकडी होती, त्वचा बधिर होती, पण पकड एखाद्या शेतमजुराची होती. याचा अर्थ एकच होता. हाताचे सगळेच स्नायू गेलेले नव्हते. काही मेले होते, काही ठणठणीत होते, आणि त्या ठणठणीत स्नायूंना काय करावे हे सांगणारे कोणी नव्हते.

हाताच्या पुनर्वसनाची भारतातली गोष्ट या हस्तांदोलनापासून सांगायला हवी, कारण पुढचे बहुतेक धडे त्या एका क्षणात दडलेले होते.

हात हे यंत्र मोठे गमतीचे आहे. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत २७ हाडे. तळव्याच्या बाजूच्या त्वचेत स्पर्श टिपणारी सुमारे १७,००० सूक्ष्म टोके. आणि बोटांमध्ये मात्र बोट वाकवणारा एकही स्नायू नाही. मूठ आवळणारे जोरकस स्नायू राहतात कोपराखालच्या बाहूत. तिथून निघालेल्या कंडरा मनगटाखालून दोऱ्यांसारख्या सरकत बोटांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुली नाचवणाऱ्याचे हात पडद्याआड असतात, तसेच हे. तळव्याच्या आत जे छोटे स्नायू आहेत ते ताकदीचे काम करत नाहीत, नजाकतीचे करतात. बोटे सरळ ठेवून फक्त मुळाशी वाकवणे, सुईत दोरा ओवताना चिमटी धरणे, चिमूटभर हळद टाकणे, हे त्यांचे काम.

कोपर कुठे आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती नस याच छोट्या स्नायूंना हुकूम पोचवते. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचा थंड भाग मानवतो. ही नस कोपरापाशी त्वचेच्या अगदी लगत, म्हणजे थंड जागी येते, आणि तिथेच सुजून निकामी होते. बाहूच्या मोठ्या स्नायूंच्या बऱ्याच नसा खोल, उबेत असल्याने वाचतात. म्हणून मूठ जबरदस्त आणि बोटे आखडलेली, हे विचित्र मिश्रण तयार होते. असा माणूस पेला धरायला गेला की बोटांची टोके आधी वळतात आणि पेला तळव्यात येण्याऐवजी बाहेर ढकलला जातो. जोर आहे, पण तो नेमका उलट लागतो.

१९४८ पासून ब्रँड यांनी वेल्लोरला या हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. कल्पना अशी: प्रत्येक बोट वाकवायला निसर्गाने दोन कंडरा दिल्या आहेत. त्यांतली एक उसनी घ्यायची, तिचे चार पदर करायचे आणि चार बोटांच्या कडेने नेऊन अशा जागी शिवायचे, की मेलेल्या छोट्या स्नायूंचे काम ती करू लागेल. युद्धातल्या जखमींवर आणि पोलिओच्या रुग्णांवर कंडरा हलवण्याचे प्रयोग आधी झाले होते. कुष्ठरुग्णाच्या हातावर कोणी एवढी मेहनत घ्यावी, हे मात्र त्या काळी वैद्यकातल्या बहुतेकांना पटणारे नव्हते.

शस्त्रक्रिया हा त्यातला सोपा भाग होता, असे म्हणायला हवे. तीन आठवडे प्लास्टर, मग ते काढले की खरी अडचण समोर यायची. दोरी नव्या जागी बांधली होती, पण मेंदूला त्याचा पत्ताच नव्हता. मेंदू अजून जुनाच हुकूम सोडत होता. समजा अंगठा उचलून इतर बोटांसमोर आणण्यासाठी अनामिकेची कंडरा वापरली. आता रुग्णाने ‘अंगठा उचल’ असे मनात कितीही म्हटले तरी काही हलत नाही. त्याने ‘अनामिका वाकव’ असे म्हणायचे, आणि नवल म्हणजे अंगठा हलतो! पहिल्यांदा हे घडते तेव्हा माणूस स्वतःच्या हाताकडे परक्याच्या हाताकडे पाहावे तसे पाहतो. म्हणून कुशल थेरपिस्ट शस्त्रक्रियेआधीच तो स्नायू रुग्णाला ओळखायला शिकवतात: हा बघ, हा आखडतो तेव्हा असे वाटते, ही जाणीव लक्षात ठेव. नंतर त्याच जाणिवेला हाक मारायची. दिवसांमागून दिवस हा सराव चालतो, आणि मग कधीतरी अनामिकेचा आडवळणाचा विचार गळून पडतो. ‘अंगठा उचल’ म्हटले की अंगठा उचलला जातो.

मोठ्या माणसाचा मेंदू घट्ट झालेल्या सिमेंटसारखा असतो, असे अगदी अलीकडेपर्यंत पाठ्यपुस्तके सांगत होती. वेल्लोरच्या मातीच्या खोल्यांमध्ये साधे मजूर आणि भिक्षेकरी ते रोज खोटे पाडत होते.

तिथेही एक धक्का ब्रँड यांची वाट पाहत होता. शस्त्रक्रिया होऊन, बोटे सुधारून घरी गेलेले काही जण परत आले. त्यांची तक्रार ऐकून डॉक्टर अवाक झाले. आमचे हात आता चांगले दिसतात, त्यामुळे भीक मिळत नाही. आणि महारोगी म्हणून काम कोणी देत नाही. हात दुरुस्त करून डॉक्टरांनी त्यांचे पोट काढून घेतले होते. ब्रँड यांनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला, आणि तो सांगणे प्रामाणिकपणाचे होते. हात हलू लागला म्हणजे उपचार संपला, ही समजूत आजही रुग्णालयांच्या दारातून बाहेर पडताना किती कुटुंबे सोबत घेऊन जातात!

१९५१ साली वेल्लोरच्या आवारात ‘न्यू लाइफ सेंटर’ उभे राहिले. छोट्या झोपड्यांचे खेडेच ते. शस्त्रक्रिया झालेले तरुण तिथे राहत, आणि त्यांना सुतारकाम शिकवले जाई. वैद्यकाकडे वळण्याआधी ब्रँड यांनी इंग्लंडमध्ये काही वर्षे बांधकाम आणि सुतारकामाचे शिक्षण घेतले होते. ते वाया गेले असे त्यांना वाटत असे. आता ते कामी आले. तरुण लाकडी खेळणी करू लागले. करवत, रंधा, पटाशी हाताळणे हा बोटांसाठी उत्तम व्यायाम होता, आणि संध्याकाळी त्या व्यायामातून एक वस्तू तयार झालेली असायची. ती विकली जायची.

इथे एक नवे संकट कळले. या हातांना वेदना होत नव्हती. एकदा ब्रँड एका कोठीचे गंजलेले कुलूप उघडायची खटपट करत होते. जवळच्या कुष्ठरुग्ण पोराने किल्ली हातात घेतली आणि फिरवली. कुलूप उघडले. जमिनीवर रक्ताचा थेंब पडला तेव्हा पाहिले तर त्याचे बोट हाडापर्यंत कापले गेले होते, आणि त्याला त्याची खबरही नव्हती. आपल्या हाताला कळ येते म्हणून आपण जोर थांबवतो. त्या मुलाच्या हाताला थांबवणारे कोणी नव्हते. काही रुग्णांची बोटे रात्रीतून आखूड होत. पहारा ठेवला तेव्हा उंदीर कुरतडताना दिसले. मग घरी जाणाऱ्या रुग्णाला सोबत मांजर देण्याची पद्धत पडली. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, हा शतकानुशतकांचा समज या बारीक निरीक्षणांनी मोडला. झडत नव्हती, न कळलेल्या जखमांनी झिजत होती.

तेव्हा हात पुन्हा शिकवायचा म्हणजे डोळ्यांनाही शिकवणे आले. हत्यारांच्या मुठी जाड आणि गुळगुळीत केल्या गेल्या. रोज संध्याकाळी हात उलटेपालटे करून तपासायचे, लाल झालेली जागा शोधायची, ती कशामुळे झाली हे आठवायचे. बोटे जे सांगत नव्हती ते नजरेने वाचायचे.

याच वेल्लोरमध्ये आणखी एक हात पाहायला हवा. तो होता डॉ. मेरी व्हर्गीज यांचा. १९५४ च्या जानेवारीत एका मोटार अपघातात या तरुण डॉक्टरच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. पुढे काय, या प्रश्नाला ब्रँड यांनी दिलेले उत्तर अगदी व्यवहारी होते: हाताची शस्त्रक्रिया बसून करता येते. मेरी चाकांच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. टेबलावर झोपलेल्या रुग्णाने काय पाहिले असेल? आपल्या हाताला चालते करू पाहणारी बाई स्वतः चालू शकत नाही. कोणत्याही धीराच्या शब्दांपेक्षा हे दृश्य जास्त बोलके असणार. पुढे न्यूयॉर्कला हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत त्यांनी पुनर्वसनशास्त्राचे शिक्षण घेतले, आणि १९६६ साली वेल्लोरला रुग्णांना दाखल करून घेणारी पुनर्वसन संस्था सुरू झाली. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

महाराष्ट्रात हे काम दुसऱ्या वाटेने आले, आणि त्या वाटेवर एक नाव आहे जे मराठी वाचकाला शाळेमुळे माहीत असते, वैद्यकामुळे क्वचितच. फलटणची कमला निंबकर बालभवन ही प्रयोगशील शाळा अनेकांना ठाऊक आहे. जिच्या नावाने ती आहे त्या कमलाबाई मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून १९३० च्या सुमारास त्या भारतात आल्या. पुढे फिलाडेल्फियाला जाऊन त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण घेतले आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचे भारतातले पहिले विद्यालय सुरू केले. नंतर नागपुरातही तसे विद्यालय निघाले. १९५२ मध्ये या शाखेचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता, आणि त्यामागे कमलाबाईंची खटपट होती.

ऑक्युपेशनल थेरपीला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे. व्यवसाय म्हटले की लोकांना नोकरीधंदा आठवतो. इथे अर्थ आहे, माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ते सगळे. दात घासणे, भांग पाडणे, निऱ्या खोचणे, सदऱ्याची बटणे लावणे, देवासमोर वात लावणे, मोबाइलवर नंबर दाबणे. फिजिओथेरपिस्ट विचारतो, मनगट किती अंश वळते? ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्याला जोडून विचारते, त्या वळलेल्या मनगटाने तुम्हाला काय करायचे आहे? दोन्ही प्रश्न लागतात. दुसरा विचारायला आपण विसरतो.

आणि तो विसरण्याची किंमत मोठी असते, हे अर्धांगवायूच्या रुग्णांमध्ये दिसते. कुष्ठरोगात हाताची नस निकामी झालेली असते. अर्धांगात नस शाबूत, पण तिला हुकूम देणारा मेंदूचा भाग जखमी झालेला. पहिल्या दिवसांत हात खरोखरच हलत नाही. माणूस प्रयत्न करतो, काही घडत नाही; पुन्हा करतो, पेला सांडतो. दुसरा हात तर समोरच आहे. तो काम उरकतो. काही आठवड्यांनी मेंदूची सूज उतरते, हाताला थोडी हालचाल परत येते, पण तोवर माणसाने त्या हाताला हाक मारणेच सोडलेले असते. एडवर्ड टॉब या अमेरिकन संशोधकाने माकडांवरच्या प्रयोगांतून हे ओळखले. हात करू शकतो त्यापेक्षा कितीतरी कमी करतो, कारण न वापरण्याचीच सवय जडली आहे. त्यावरचा टॉब यांचा उपाय कडक होता: चांगल्या हातावर जाड हातमोजा चढवायचा आणि दुबळ्या हाताला रोज काही तास कामाला जुंपायचे.

या पद्धतीची मोठी चाचणी अमेरिकेत झाली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण तीत होते. ज्यांना ही शिकवण मिळाली त्यांनी दोन आठवडे, जागेपणीचा जवळजवळ ९० टक्के वेळ चांगल्या हातावर हातमोजा घालून काढला. त्यांच्या दुबळ्या हाताची सुधारणा नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक होती, आणि ती वर्षानंतरही टिकून होती. अट एक होती: मनगट आणि बोटे थोडी तरी मागे उचलता यायला हवीत. पूर्ण लुळ्या हातासाठी ही पद्धत नाही, आणि थेरपिस्टला न विचारता घरच्या घरी चांगला हात बांधून ठेवणे धोक्याचे आहे. तोल गेला तर सावरायला तोच हात असतो.

अशीच एक घरगुती समजूत स्पंजच्या चेंडूची. अर्धांग झालेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, बॉल दाबत राहा. आता ज्याची मूठ आपोआप आवळली जाते आणि उघडताना नाकी नऊ येतात, त्याला आवळण्याचा सराव कशाला? त्याला शिकायचे आहे उघडायला. टेबलावर तळवा पसरायला, पेल्याभोवती बोटे फाकवायला, आणि धरलेली वस्तू सोडायला. सोडणे ही धरण्याहून अवघड कला आहे, हे तान्ह्या बाळाच्या मुठीत बोट दिलेल्या कोणालाही ठाऊक असते.

किती वेळा करायचे? याचे उत्तर शास्त्राने दिले आहे आणि ते जरा अस्वस्थ करणारे आहे. १९९६ साली रँडॉल्फ नूडो आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की मेंदूत हाताच्या जागी छोटी इजा झालेल्या माकडांना लहान खळग्यांतून खाऊ काढण्याचा रोज सराव दिला तर मेंदूतला हाताचा उरलेला प्रदेश टिकतो. सराव न दिलेल्या माकडांमध्ये तो आक्रसत जातो. हा सराव म्हणजे दिवसाला काही शे वेळा तीच हालचाल. २००९ मध्ये कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयांतली तीनशेहून अधिक उपचार-सत्रे बसून मोजली. हाताच्या उपयोगी हालचाली एका सत्रात सरासरी ३२ व्हायच्या. शेकडो कुठे आणि बत्तीस कुठे!

उरलेल्या शेकडो कुठून आणायच्या? थेरपिस्टच्या अर्ध्या तासातून त्या येणार नाहीत. त्या येतात घरातून, आणि मराठी स्वयंपाकघर हे त्यासाठी सोन्याची खाण आहे. वाटाण्याच्या शेंगा सोलणे, लसूण सोलणे, तांदूळ निवडणे, मेथी निवडणे, कणीक मळणे, फुलवाती वळणे. वाटाण्याची शेंग सोलताना अंगठ्याची चिमटी, नखाने शिवण उकलणे, दुसऱ्या हाताने धरणे आणि दाणे मोकळे सोडणे, हे सगळे एका शेंगेत होते. किलोभर शेंगांत ते शेकडो वेळा होते, आणि शेवटी पातेल्यात वाटाणे असतात. कापलेली नस शिवल्यावर स्पर्श परत शिकवण्यासाठी थेरपिस्ट तांदळाच्या भांड्यात नाणे, किल्ली, बटण लपवून डोळे मिटून शोधायला लावतात. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मनगटाशी कापली असेल तर बोटाच्या टोकापर्यंत पोचायला पाच-सहा महिने सहज जातात, आणि पोचली तरी तिचे तंतू पूर्वीच्याच जागी जातील याची खात्री नसते. तर्जनीला लावलेले मधल्या बोटाला लागल्यासारखे वाटते. नाणे शोधायचे, ओळखायचे, डोळे उघडून ताडून पाहायचे. मेंदू नवा नकाशा असाच काढतो.

कंडरा कापलेल्या माणसाची गोष्ट आणखी नाजूक. तळव्याच्या मध्यापासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत दोन कंडरा एका अरुंद नळीतून जातात. तिथे जखम झाली तर शिवू नये, असे शल्यचिकित्सक पूर्वी मानत, कारण शिवलेली कंडरा नळीला चिकटून बसे. १९६० च्या दशकात हॅरॉल्ड क्लायनर्ट यांनी शिवून लगेच रबर बँडच्या आधाराने बोट हलवायला सुरुवात केली, आणि चित्र पालटले. जास्त हलवले तर टाका तुटतो, मुळीच नाही हलवले तर कंडरा चिकटते. त्या दोहोंमधल्या चिंचोळ्या वाटेवरून रुग्णाला बारा आठवडे चालायचे असते, तेही बहुतेक वेळ एकट्याने, घरी. काच लागून किंवा यंत्रात हात जाऊन आलेला तरुण कामगार सहाव्या आठवड्यात स्प्लिंट काढून बादली उचलतो, कारण त्याला कामावर जायचे असते. ही त्याची बेपर्वाई आहे असे म्हणून सुटता येत नाही.

म्हणजे प्रश्न येऊन थांबतो तो धीरापाशी. शेकडो वेळा तेच करायचे, महिनोन् महिने, आणि प्रगती नखाएवढी. माणूस टिकतो कशावर?

‘होईल हो सगळं छान’ या वाक्यावर नाही. याबाबत मोजून पाहिलेले पुरावे आहेत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत अर्धांगाच्या १७९ रुग्णांना दोन गटांत वाटले. उपचार दोन्हींना सारखेच. फरक एवढाच, की एका गटातल्या प्रत्येकाला रोज एकदा ठरावीक अंतर चालायला लावून त्याचा वेग सांगत आणि त्याबद्दल शाबासकी देत. रुग्णालय सोडताना या गटाचा वेग सेकंदाला सरासरी ०.९१ मीटर होता, दुसऱ्याचा ०.७२. रोजचे काही सेकंद, घड्याळातला एक आकडा आणि एक खरे वाक्य, एवढीच या उपचाराची सामग्री. ती चाचणी पायांची होती. बोटांचीही एक आहे. २०१२ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी ४८ निरोगी माणसांना बोटांनी कळा दाबण्याचा एक क्रम शिकवला. शिकून झाल्यावर काहींचे कौतुक केले, काहींना दुसऱ्याचे कौतुक दाखवले, काहींना स्वतःच्या कामगिरीचा नुसता आलेख दाखवला. दुसऱ्या दिवशी अचानक तोच क्रम करायला लावला तेव्हा स्वतःचे कौतुक ऐकलेल्यांची बोटे सर्वांत पुढे होती. निजल्यावर मेंदू दिवसाचा धडा पक्का करतो, आणि कौतुक त्या पक्केपणात उतरते असे दिसते.

पण कौतुक कशाचे, हे महत्त्वाचे. ‘काल सात दाणे उचललेत, आज अकरा’ हे कौतुक आहे. ‘तुम्ही किती शूर आहात’ हे नाही; त्यातून माणसाला उद्या सकाळी काय करायचे ते कळत नाही. वेल्लोरच्या झोपडीत तयार झालेले लाकडी खेळणे हे पहिल्या जातीचे कौतुक होते. ते खेळणे खोटे बोलू शकत नव्हते. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी उभारलेल्या आनंदवनात कुष्ठरुग्णांच्या हातांनी पिकलेली शेती आणि मागावर विणलेले कापड यांचेही तेच. दयेने दिलेली वस्तू आणि कामाने मिळालेली वस्तू यांतला फरक त्या हातांना पुरता कळत होता.

आपल्या घरांत याच्या आड येते ते प्रेम. सासऱ्यांना झटका आला की सून म्हणते, बाबा, राहू द्या, मी भरवते. मुलगा बटणे लावून देतो. नातू चपला पायात घालतो. त्यात खोट काही नाही, उलट माया आहे, आणि सकाळी सगळ्यांना कामावर जायची घाईही आहे. बाबांना एक बटण लावायला चार मिनिटे लागतात. ती चार मिनिटे कोणाकडे नसतात. पण टॉब यांनी माकडांत पाहिलेली न वापरण्याची सवय इथे दुहेरी होते: हाताला रुग्ण विसरतो आणि घरही विसरते. चांगले थेरपिस्ट म्हणूनच रुग्णाइतकेच नातेवाइकांना शिकवतात. वरची दोन बटणे तुम्ही लावा, खालचे एक त्यांच्यासाठी ठेवा. पुढच्या आठवड्यात दोन ठेवा.

हाताची क्षमता मोजण्याच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या चाचण्यांत १९६९ साली जेबसन आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली एक चाचणी आहे. तीत लिहिणे आहे, पत्ते उलटणे आहे, लहान वस्तू उचलणे आहे, आणि जेवण्याची नक्कल म्हणून चमच्याने राजम्याचे दाणे उचलणे आहे. चमच्याने! वरण-भात जेवणाऱ्या माणसाचा हात चमच्याने मोजणे म्हणजे विणकराचा हात कुदळीने मोजण्यासारखे आहे. घास घेताना बोटे आधी भात पसरतात, वरण मुरवतात, पाच टोके जवळ आणून घास गोळा करतात, तळव्याला न लावता उचलतात, मनगट तोंडाकडे वळते आणि अंगठा मागून घास आत ढकलतो. चिमटी, पकड, मनगटाचा वळसा, ओल्या-सुक्याचा, गरम-गारचा स्पर्श आणि शेवटी सोडणे, सगळे या एका हालचालीत आहे. त्यात भर म्हणजे उजवा हात गेलेल्या माणसाला डाव्या हाताने जेवणे इथे अवघड जाते ते स्नायूंमुळे कमी आणि लाजेमुळे जास्त. पंक्तीत बसायचे तो टाळतो. प्रसाद कोणत्या हाताने घ्यायचा हा त्याच्यासाठी रोजचा, खरा प्रश्न असतो. परदेशी पुस्तकावरून आखलेल्या व्यायामाच्या तक्त्यात या लाजेला रकाना नसतो.

म्हणून आपल्याकडचे जाणते थेरपिस्ट ताटापासून सुरुवात करतात. ताट घसरू नये म्हणून खाली ओले फडके. काठ उंच असलेली परात, म्हणजे घास काठाला टेकवून गोळा करता येतो. आधी घट्ट दही-भाताचा गोळा, कारण तो सुटत नाही, मग मऊ खिचडी, वरण-भात नंतर, आणि कोरडे पोहे सर्वांत शेवटी, कारण ते बोटांतून निसटतात. पहिल्या आठवड्यात घास तोंडाशी येईतो निम्मा पुन्हा ताटात पडलेला असतो आणि कोपर खांद्याएवढे वर उचललेले असते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात कोपर खाली येते. ताटाभोवती सांडलेली शिते घरातले कोणीतरी रोज मोजत असेल, तर ती कमी होत चाललेली दिसतात.